लाल रेषेच्या आतलं घर

प्रिय ठकू,

फोनवर माझा आवाज ऐकला की बाबांचं काहीतरी बिनसलंय हे तू लगेच ओळखतेस, म्हणून पत्र लिहितोय. सुताराच्या हातचं अक्षर, सांभाळून घे. आई बरी आहे. पूररेषेच्या कचेरीत तुला बढती मिळाली, हे ती लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगते.

जुन्या घरात पाणी शिरलं ते तुला कळलंच असेल. छातीइतकं आलं, दोन दिवस हललं नाही. ओसरल्यावर मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. घर विकत घेतलेली ती शिवणवाली आणि तिचा बसचालक नवरा चिखल उपसत होते. तिच्या क्लासच्या सहाही मशिनी अंगणात आडव्या ठेवल्या होत्या, आतलं पाणी गळावं म्हणून. मला बघून म्हणाली, "काका, एवढ्या घाणीत तुम्ही कशाला आलात?" मी रंधा काढला आणि फुगलेली दारं तासायला लागलो. ओलं दार तासलं तर वाळल्यावर सैल पडतं, हे काय मला माहीत नव्हतं? पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

दोन महिन्यांनी, सैल पडलेली दारं बघायला पुन्हा गेलो तेव्हा तिने विमा कंपनीचं पत्र दाखवलं. दावा नाकारलाय. पूररेषेचा नवा नकाशा जाहीर व्हायच्या आदल्याच आठवड्यात यांनी जुन्या दराने घराचा विमा उतरवला होता. धोका माहीत असूनही लपवला, असं म्हणून कंपनीने काखा वर केल्या आहेत. नवरा म्हणाला, "त्यांचा माणूस म्हणतो, विकणाऱ्याला ठाऊक असणार आणि त्यानेच तुम्हाला सांगितलं असणार." त्यावर ती चिडून म्हणाली, "काकांना कुठून ठाऊक असणार? हो ना काका?"

मी म्हणालो, "मला कुठून ठाऊक असणार!"

तिने मान डोलावली आणि पुन्हा मशीन पुसायला घेतली. ठकू, तिने संशय घेतला असता तर मला सोपं गेलं असतं.

तो रविवार तुला आठवत असेल. जेवून हात धुताना तू हळूच म्हणालीस, "बाबा, खालच्या कपाटातलं सामान वर घ्या. नकाशा अजून बाहेर आलेला नाही, कुठे बोलू नका, पण आपली गल्ली पुराच्या लाल रेषेच्या आत येतेय." तू लेकीच्या काळजीने सांगितलंस. मी मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी दलालाकडे गेलो. आई म्हणाली होती, "निदान त्या पोरीच्या कानावर तरी घाला." मी तिलाच गप्प केलं. जे अजून कागदावर नाही ते नाहीच, असं म्हणालो. ते दोघं घर बघायला आले तेव्हा मी त्यांना दारं उघडूनमिटून दाखवली, लाकूड कुठलं, किती वर्षांचं, सगळं सांगितलं. तेवढंच सांगितलं नाही. व्यवहार झाला तेव्हा सुंठीवाचून खोकला गेला असंच वाटलं मला.

घर विकून इथे फ्लॅटमध्ये आलो त्याचं तुला आम्ही आईच्या गुडघ्यांचं कारण दिलं. तू हसून म्हणालीस, "गुडघे दुखतात म्हणून तिसरा मजला?" लिफ्ट आहे, असं मी म्हणालो. मग तू पुढे विचारलं नाहीस. तुला तेव्हाच कळलं होतं का? त्याचं उत्तर मला नको. माहीत असूनही गप्प बसायचं हे तू माझ्याकडूनच उचललं असशील, तर तो दोषही माझाच.

गुरुवारी त्या दोघांच्या विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारीची सुनावणी आहे. तिथे जाऊन मी लेखी देणार आहे की मला माहीत होतं, मी लपवलं आणि या दोघांना काहीही ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, पहिला प्रश्न येईल, तुम्हाला कसं कळलं? उत्तर दिलं नाही तर म्हातारा दया येऊन खोटं बोलतोय असं म्हणतील. म्हणजे तुझं नाव घ्यावं लागणार. त्याने तुझ्या नोकरीचं काय होऊ शकतं तेही त्यांनी सांगितलं. सगळ्यांना वाचवेल असं एखादं खोटं मी आठ दिवस शोधलं, सापडलं नाही. तुझी परवानगी मागत नाही. मागितली आणि तू नको म्हणालीस, तर मी आनंदाने गप्प बसेन, आणि ते ओझं जन्मभर तुझ्या माथी राहील. हे पत्र बुधवारी सकाळी आई स्वतः तुझ्या हातात देईल. माझ्या तोंडून तुझं नाव निघायच्या आधी तुझ्या साहेबांना तुला स्वतः जाऊन सांगता यावं, म्हणून एवढा एक दिवस तुझ्यासाठी राखून ठेवलाय.

तुझाच,
बाबा