प्रवेशसिद्ध्यर्थम्, प्रवेशनिवारणार्थम्

पुणे,
६ फेब्रुवारी २०२५

ती. विश्वंभरमामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती ‘हो मामा’ म्हणते आणि विषय संपतो, अशी तुमची तक्रार आहे. म्हणून हे पत्र.

एमबीएच्या मुलाखतीचे बोलावणे आले आहे. आईला आनंद झाला, बाबा पेपर वाचत राहिले. अडचण वेगळीच आहे. शिकवणीच्या सराव मुलाखतीत मला विचारले की हे शिक्षण कशासाठी. पहिल्या दिवशी मी पगार म्हणाले, दुसऱ्या दिवशी नेतृत्व म्हणाले. तिसऱ्या दिवशी मैत्रीण गुंजन एमबीएला गेली म्हणून, असे तोंडून निघून गेले आणि शिकवणीतले सर खुर्चीत मागे रेलले. अर्जात तर मी ‘ग्रामीण उद्योजकतेस दिशा देण्यासाठी’ असे लिहिले आहे. ते वाचताना मला माझीच ओळख पटत नाही.

तुमच्याकडे प्रत्येक विधीचे कारण तयार असते. माझ्यासाठीही एखादे शोधून ठेवाल का? आई अभिषेकाला येणारच आहे.

तुमचा लोभ आहेच. थोडा माझ्या मुलाखतीवरही असावा.

तुमची भाची,
देवश्री


कळमनुरी,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. देवश्रीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. आमच्यापाशी प्रत्येक विधीचे कारण सिद्ध असते, हा तुझा समज आमच्या प्रतिष्ठेस पोषक असल्याने आम्ही त्याचे खंडन करीत नाही. तथापि कारण पुरोहिताचे नसते, यजमानाचे असते. तळहातावर पाणी घेऊन देश, काल, गोत्र आणि नाम यांचा उच्चार झाला की पुढे ‘कशासाठी’ हे सांगावेच लागते. त्यावाचून ते पाणी ताम्हनात सोडता येत नाही. तुझ्या महाविद्यालयाने ही प्रथा आमच्याकडूनच उचललेली दिसते. दक्षिणा मात्र स्वतःच्या बुद्धीने वाढवली.

गेल्या आठवड्यात सोमवारी तुझ्या मातोश्री, आमच्या गंगूताई, हिंगोलीहून एस.टी.ने आल्या. बसताक्षणीच त्यांनी बजावले की संस्कृतात काय म्हणायचं ते म्हण, पण एमबीए हा शब्द मोकळा उच्चार. देवाला बराबर कळलं न्हाई आन् दुसऱ्याच कॉलेजात धाडलं तर कोण निस्तरणार? आम्ही तो शब्द मोकळा उच्चारून ‘प्रवेशसिद्ध्यर्थम्’ असा संकल्प सोडविला.

गुरुवारी तुझे तीर्थरूप, म्हणजे आमचे दाजी आले. ताईस न सांगता आलो, हे त्यांनी चपला काढण्यापूर्वीच निवेदन केले. त्यांचा प्रश्न असा की पगार बराबर येऊन राहिला, नोकरीत तकलीफ न्हाई, मग हे पोरगं पुन्हा बाकावर काहून जाऊन बसून राहिलं? त्यांची कामना होती ‘प्रवेशनिवारणार्थम्’. पुरोहिताने कामना उच्चारायची असते, तपासायची नसते. सबब तीही त्याच पिंडीवर, तितक्याच निष्ठेने उच्चारली.

त्यानंतर देवाच्या मुद्रेवर आम्हांस संभ्रम दिसला. म्हणून स्वखर्चाने तिसरा अभिषेक तुझ्या नावे केला: ‘कारणज्ञानप्राप्त्यर्थम्’. आता तिन्ही खटले त्याच्यासमोर आहेत.

आमच्यावरील माया न्यून होऊ देऊ नये, आणि कारण सापडल्यास अविलंब कळवावे.

तुझा मामा,
विश्वंभर


पुणे,
१२ मे २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिले नाही, कारण काय लिहावे हेच ठरेना.

मुलाखतीत तिघेजण होते. स्वतःची ओळख करून द्या म्हणाले आणि मी घाबरून चक्क तुमच्यासारखी सुरू झाले: गोदावरीच्या उत्तर तीरी, मराठवाड्यात, हिंगोली जिल्हा. गोत्र ओठांपर्यंत आले होते, ते गिळले. मधल्या बाई हसल्या आणि त्यांनी विचारले की बरे, कशासाठी?

अर्जातले वाक्य आठवेना. मग मी आमच्या पार्सल कंपनीतली गोष्ट सांगितली. आपल्याकडच्या पत्त्यांवर घर सापडत नाही, पार्सले परत येतात. मी बैठकीत सुचवले होते की कनेरगाव नाक्यासारख्या गावांत ती ढाब्यावर ठेवावीत. तिथे सगळे थांबतातच. कोणी मान वर केली नाही. पुढच्या बैठकीत हेच माझा सहकारी अनिरुद्ध म्हणाला आणि टाळ्या पडल्या. आता तिला ‘अनिरुद्ध योजना’ म्हणतात.

बाईंनी लगेच विचारले की ढाबाच बंद पडला तर? मी उत्तर दिले, त्यांनी ते खोडले, मी पुन्हा मांडले. वेळ संपेपर्यंत माझे बोलणे कोणी मध्ये तोडले नाही. मामा, बाहेर आले तेव्हा वाटले की मला हेच हवे आहे: मी बोलावे आणि समोरच्याने पुढचा प्रश्न विचारावा. पण हे कारण आहे की अनिरुद्धवरचा नुसता राग, ते मला अजून कळलेले नाही.

निकाल लागला. मी प्रतीक्षायादीत आहे. म्हणजे प्रवेश मिळालाही नाही आणि नाकारलाही नाही. बाबांना फोन केला. ते बरं म्हणाले आणि कूलरमध्ये पाणी घालायला गेले. पुढे काहीच विचारले नाही.

गोंधळलेल्या भाचीला अंतर देऊ नका.

देवश्री


कळमनुरी,
२० मे २०२५

चि. देवश्रीस अनेक उत्तम आशीर्वाद.

देवावर आमची श्रद्धा दृढ झाली. प्रवेशसिद्धी आणि प्रवेशनिवारण यांचा लघुत्तम साधारण विभाज्य काढला असता प्रतीक्षायादीच येते. त्याने एकाही यजमानास रिक्तहस्ते पाठविले नाही.

काल दाजी पुनश्च अवतरले. यादी पुढे सरकू नये, एवढी लहानशी कामना होती. आम्ही पूजेची मांडामांड करीत असता तुझे पत्र त्यांस मोठ्याने वाचून दाखविले. परवानगी घेतली नाही. रागवायचे असल्यास सविस्तर रागवावे. अनिरुद्धाच्या प्रकरणी दाजींनी जे शब्द योजिले, ते गाभाऱ्यात उच्चारण्याजोगे नव्हते. मग ढाबा पोरीनंच सुचवला होता का, हे त्यांनी दोनदा विचारले.

विधीस आरंभ झाला. देश, काल, गोत्र झाले. त्यांच्या तळहातावर पाणी होते. आम्ही सवयीने ‘प्रवेशनि...’ पर्यंत पोहोचलो, तोच त्यांनी मूठ मिटली. पाणी कोपरावरून ओघळून धोतरावर आले. म्हणाले की थांबा, ते नका म्हणू. ती काय म्हणून राहिली, ते म्हणा. आम्ही निवेदिले की तिचेच अद्याप निश्चित नाही. त्यावर ते म्हणाले, मग निश्चित होऊ द्या. आणि अभिषेक अर्धाच ठेवून उठले. आमच्या पौरोहित्याच्या कारकिर्दीत असा प्रकार प्रथमच घडला. याचे प्रायश्चित्त कोणत्याही पोथीत सापडत नाही.

जाताना कागद मागितला. या गृहस्थाने आजवर रजेच्या अर्जाहून दीर्घ असे काही लिहिलेले नाही; सबब सोबतच्या चिठ्ठीत वाङ्मयगुण शोधू नयेस. मात्र उत्तर आम्हांस नव्हे, त्यांस धाडावे.

आमच्या वाट्याचा लोभ यावेळी तिकडेच वळवावा.

तुझा मामा,
विश्वंभर

(सोबतची चिठ्ठी)

देवश्री,
ढाबा बंद पडला तर काय करायचं, याचं तू त्या बाईंना काय उत्तर दिलंस? ते मामाला लिहिलेल्या पत्रात नव्हतं.
बाबा