आंबील कोणाकडे होती

॥ श्री ॥

अवधपुरी, भोपाळ
२४ जुलै २०२५

चि. सौ. पल्लवी हिस,

अ. आ. वि. वि. धाकट्या जावेला आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून दिले. त्यावरून आपला अबोला सुटला असं समजू नकोस. गेल्या महालक्ष्म्यांपासून मी तुझ्याशी बोललेले नाही आणि या पत्रातही बोलत नाही, फक्त कळवते आहे. मोबाइलवरही कळवता आलं असतं. पण माझा मागचा मेसेज तू घरच्या ग्रुपवर टाकलास, तेव्हापासून तुझ्यासाठी मोबाइलवर एक अक्षर लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. तुझा नवरा एक दिवसाआड इथूनच जातो. तो पत्रं नेईल आणि आणील.

शनिवारी अंगणात पाय घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर दहा सप्टेंबरपर्यंत राहणार. त्यामुळे हे अक्षर तुझ्या भाऊजींचं आहे. मी सांगते, ते लिहितात. (शब्द तिचे, अक्षर माझं. माझ्यावर राग धरू नये. — भालचंद्र)

आता मुद्दा. महालक्ष्म्या ३१ ऑगस्टला येतील, १ सप्टेंबरला जेवतील. त्यांना माझ्या मनगटाचं काही देणंघेणं नाही. सासूबाई गेल्यापासून एकतीस वर्षं मी एकटीने हे तीन दिवस काढले आहेत. सोळा भाज्या, पुरण, फुलोरा, आंबील, जेवायला साठ पानं. घरात अकरा बायका वावरतात, पण कोणाला काय सांगायचं ते माझ्या डोक्यात असतं. या वर्षी मला खुर्चीवर बसावं लागणार. थोरल्या घरातला कुळाचार मोडायचा नसेल, तर कामाची सूत्रं तुला घ्यावी लागतील.

मंडीदीपच्या कारखान्यात तू लीडर झालीस, चौदा मुली तुझ्या हाताखाली आहेत, हे गिरीशने मला चार वेळा ऐकवलं आहे. तर दाखव. जमणार नसेल तर तसं लेखी कळव, म्हणजे नागपूरला सुधावन्संना दाखवता येईल.

गिरीशला सर्दी झालेली दिसली. त्याला काढा दे. मी सांगितलं म्हणून देऊ नकोस असं नको व्हायला.

तुझी,
प्रमिला


अयोध्या नगर, भोपाळ
२८ जुलै २०२५

ती. स्व. सौ. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि. मनगटाचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. बाकीचं पत्र वाचून ते लगेच कमी झालं.

गेल्या वर्षी काय झालं ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी सकाळपासून पुरण शिजवलं, वाटलं, झाकून ठेवलं. तुम्ही आलात, झाकण काढलं, चिमूटभर बोटांवर घेतलं आणि अकरा जणींसमोर ते सगळं पुरण पुन्हा पुरणयंत्रात घातलंत. मला एक शब्दही बोलला नाहीत. सुधावन्संना मात्र सांगितलंत की आता नीट झालं. मी न जेवता घरी गेले. तेव्हा कुणी मला काढा पाठवला नव्हता.

लीडर म्हणून मला काय येतं ते विचारता, तर ऐका. आमच्याकडे गोळ्यांची पाकिटं खोक्यांत भरतात. पहिलं वर्षभर मी प्रत्येक खोकं मुलींच्या मागून स्वतः उघडून बघायचे. मला वाटायचं, माझ्यामुळे काम चोख होतंय. मग मी चार दिवस सुट्टीवर गेले आणि भलत्याच औषधाची माहितीपत्रकं घातलेला माल बाहेर गेला. मुलींनी तपासलंच नव्हतं. मॅडम तो देख ही लेगी, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. साहेबांनी त्यांना नाही, मला झापलं. तीन दिवस मी डबा खाल्ला नाही. तेव्हापासून ज्या मुलीचं खोकं तिचं. मी हात लावत नाही.

म्हणून मी येईन, पण एका अटीवर. जे काम ज्या बाईला दिलं ते तिचं. तुम्ही झाकण काढायचं नाही, चव घ्यायची नाही, मागून कुणाला पाठवायचं नाही. मान्य नसेल तर मी पाहुणी म्हणून येते, जेवते आणि ओटी घेऊन परत जाते. तुमची गादी मला नको आहे, हेही लिहून ठेवते, सुधावन्संना दाखवायला उपयोगी पडेल.

सर्दी नाही गिरीशला, धूळ सोसत नाही त्याला. काढा दिला नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ त्यांचा असावा.

पल्लवी


॥ श्री ॥

अवधपुरी
६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. पल्लवी हिस,

अ. आ. तुझं पत्र पोचलं. गोळ्यांची खोकी आणि देवाचा नैवेद्य यांत तुला फरक वाटत नाही हे आज कळलं. खोकं परत मागवता येतं. पुरणाचा कण लागलेला घास देवाच्या तोंडातून परत मागवता येत नाही. आणि पुरण जाडंच होतं. अकरा जणींना विचार. नको, विचारू नकोस, त्या तुझ्या तोंडावर खरं बोलायच्या नाहीत.

तरी अट मान्य आहे. दुसरा इलाज नाही म्हणून मान्य आहे. पुरण आणि आंबील तुझ्याकडे. सोळा भाज्या सुधावन्संकडे, त्या तीस तारखेला नागपूरहून येतात. फुलोरा सिंधूकडे. ती मागच्या गल्लीत राहते, एकोणीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात राबते आहे, तिच्या करंज्या तेलात कधी फुटत नाहीत. आंबिलीचं ज्वारीचं पीठ आदल्या संध्याकाळी ताकात भिजवावं लागतं, दुसऱ्या दिवशी आठवून चालत नाही. आंबिलीशिवाय आपल्या महालक्ष्म्या जेवत नाहीत. हे तुला माहीत आहे, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

झाकण काढणार नाही. शब्द दिला.

(कालपासून ती डाव्या हाताने सारखी फोन लावते आहे. कोणाला लावते ते मला सांगत नाही. — भालचंद्र)

लोभाचं महालक्ष्म्या झाल्यावर बघू.

प्रमिला


अयोध्या नगर
३ सप्टेंबर २०२५

वहिनींस,

नमस्कार. आज बाकी काही लिहिण्याची इच्छा नाही.

तुम्ही झाकण काढलं नाहीत, शब्द पाळलात. त्याऐवजी प्रत्येक पातेल्यावर दुसरी बाई नेमलीत! भाज्या सुधावन्संना सांगितल्या आणि वर भाजीवाल्यालाही सांगितल्या. रविवारी सकाळी पडवळांचे दोन भारे दारात. फुलोरा सिंधूकाकूंना सांगितला आणि तुमच्या भाचीलाही. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर दोन फुलोरे टांगले, त्या बिचाऱ्यांना मान वर करता येईना. इथपर्यंत मी हसले, खोटं कशाला बोलू.

मग रविवारी संध्याकाळी सिंधूकाकू हातात पिठाचा डबा आणि ताकाची बरणी घेऊन आल्या. मी ओट्याशी माझं पीठ चाळत होते. आम्ही दोघी एकमेकींच्या हाताकडे बघत राहिलो. मी विचारलं, तर त्या म्हणाल्या की सहा तारखेलाच तुमचा फोन आला होता, पल्लवीचा भरवसा नाही, आंबील तू कर आणि तिला बोलू नकोस. मी त्यांना तुमचं पत्र दाखवलं, त्यात आंबील माझ्याकडे आहे असं लिहिलेलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या डबा ओट्यावर ठेवून गेल्या. मला वाटलं, डबा ठेवला म्हणजे येऊन भिजवतील. आणि खरं सांगायचं तर रागही आला होता. ज्या बाईवर भरवसा आहे तिनेच करावी, असं म्हणून मी माझं पीठ उचलून ठेवलं. त्या घरी बसल्या, त्यांना वाटलं जिच्या नावाने पत्र आहे ती करील.

सोमवारी दुपारी साठ पानं मांडली, आरती झाली, तुम्ही खुर्चीवरून आंबील मागितली आणि स्वयंपाकघरात कोरडं पीठ दोन डब्यांत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा नैवेद्य आंबिलीवाचून दाखवला. तुम्ही सगळ्यांदेखत मला बोललात. सिंधूकाकू तेव्हा दारात होत्या. त्या तशाच वळल्या आणि जेवल्याशिवाय गेल्या. माझं एक वेळ ठीक, मला सवय आहे.

मी भिजवायला हवं होतं. तेवढी चूक माझी. बाकी सगळी तुमची.

पल्लवी


॥ श्री ॥

अवधपुरी
९ सप्टेंबर २०२५

पल्लवी हिस,

आशीर्वाद. चूक कबूल केलीस ते बरं केलंस. उरलेली माझ्या पदरात घालायची घाई केलीस ते बरं केलं नाहीस. पीठ समोर असताना रागाने झाकून ठेवणारी बाई कारखान्यात लीडर कशी होते ते मला कळत नाही. माझं मनगट मोडलं होतं, तुझं नव्हतं.

होय, मी सिंधूला सांगितलं. एकावर सोडायचं आणि नाही झालं तर? सासूबाईंच्या वेळी एकदा केळीची पानं आली नव्हती. मी त्या वर्षी नवी होते, पानं माझ्याकडे होती. त्यांनी मला पाहुण्यांसमोर जे ऐकवलं ते माझ्या कानांतून अजून गेलं नाही. तेव्हापासून मी कोणतंही काम एकावर सोडत नाही. याला तुम्ही भरवसा नाही म्हणा की आणखी काही. मला रात्री झोप लागावी म्हणून मी करते.

आता तुझ्याकडे एक काम आहे. सिंधू त्या दिवसापासून आलेली नाही. फोन उचलत नाही. हळदीकुंकवाला बोलावलं तर तब्येतीचं कारण सांगून पाठवलं. माझ्या हाताला अजून प्लॅस्टर आहे आणि मला तिच्या दारात उभं राहणं जमणार नाही. तू जा आणि तिची समजूत काढ. तिला सांग की वहिनींच्या मनात तसं काही नव्हतं. तुझं बोलणं गोड असतं असं सगळे म्हणतात, मला कधी दिसलं नाही, पण तिथे वापर.

(इथून पुढे भालचंद्र. चि. पल्लवी, काल गिरीशकडून कळलं की माझं प्रत्येक पत्र तुझ्याकडे नेण्याआधी प्रमिला त्याला ओसरीवर बसवून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेते, कारण माझं बारीक अक्षर तिला दिसत नाही आणि मी तिचेच शब्द लिहिले की नाही याची तिला खात्री नसते. चाळीस वर्षं संसार केला. लेखनिकाचं हे काम मी आजपासून सोडत आहे. यापुढचं पत्र तिने स्वतः लिहावं, कितीही दिवस लागोत. तुला आशीर्वाद, अगदी मनापासून.)


अयोध्या नगर
१८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. वहिनींस,

सा. न. वि. वि. प्लॅस्टर निघाल्याचं गिरीशने सांगितलं. भाऊजींचं वाचून पहिल्यांदा हसले, मग त्यांची दया आली. त्यांना तरी सोडायचं होतंत.

मी सिंधूकाकूंकडे गेले होते, तुम्ही सांगितलं म्हणून नाही. पीठ उचलून ठेवलं ते चुकलं, हे सांगायला गेले. त्यांनी चहा दिला. तुमच्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, मीही विषय काढला नाही.

तुमच्या वतीने मी काही बोलणार नाही. एकतीस वर्षं तुम्ही कुणाला कढीला फोडणी टाकू दिली नाहीत आणि पहिल्यांदा एक काम विश्वासाने दुसऱ्यावर सोपवलंत, ते माफी मागायचं! तेवढं एक सोपवता येत नाही. ते तुमचं तुम्हीच करा, आणि माझ्यामागून गिरीशलाही पाठवू नका.

पुढच्या वर्षीचं तेव्हा बघू. राग आहे तो आहेच.

पल्लवी


॥ श्री ॥

अवधपुरी
८ ऑक्टोबर २०२५

पल्लवी हिस,

आशीर्वाद. हे अक्षर माझं आहे. बोटं नीट वळत नाहीत, चार ओळी लिहिल्या की थांबावं लागतं. तुझ्या भाऊजींना दाखवलेलं नाही आणि गिरीशकडून वाचून घेतलेलं नाही.

तुझं पत्र वाचून पंधरा दिवस तुला शिव्या दिल्या. मग काल सिंधूकडे गेले. एकटी गेले. तिने दार उघडलं, पण बस म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की चुकलं. तुझ्यावर भरवसा आहे असं सांगून तुला चोरून काम दिलं, आणि तुला चोरून दिलं म्हणजे पल्लवीवर नव्हता, आणि तुझा फुलोरा भाचीलाही सांगितला म्हणजे तुझ्यावरही पुरता नव्हता. हे बोलताना मला रडू आलं आणि त्याचाही मला राग आला.

सिंधू म्हणाली की पहिली काही वर्षं तिला वाटायचं, वास आवडतो म्हणून मी तिच्या पातेल्यावरचं झाकण काढते. पुढे तिच्या लक्षात आलं की मी बघायला काढते. तरी ती येत राहिली, एकोणीस वर्षं. मला हे कधी कळलं नाही. मी परत आले.

तुझ्यापाशी एक कबूल करते, ग्रुपवर टाकू नकोस. कामं सगळी वाटून दिली आणि ती माझ्याशिवाय नीट पार पडली, तर त्या घरात मी कशाला लागते, ही भीती मला पुरण जाडं राहण्यापेक्षा मोठी वाटायची. तुझ्या कारखान्यात यावर काही औषध असेल तर मला नको आहे.

पुढच्या वर्षी काम वाटून द्यायचं तुझ्याकडे. भाज्या, पुरण, फुलोरा, कोणाला द्यायचं ते तू बघ, मी विचारणार नाही. बिघडलं तर चार लोकांत बोलेन, तेवढा हक्क ठेवते. फक्त आंबील मी वाटून दिली आहे. निघताना सिंधूला सांगितलं की आंबील तिची. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही, दार लावून घेतलं.

ती आली तर आंबील होईल. नाही आली तर नैवेद्य पुन्हा तसाच दाखवायचा. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही सांगत नाही.

प्रमिला