अकरावं नाव

काइंदी-साय
१४ ऑक्टोबर १९९८

ती. झूराताईस,
बुरुलचाचा सलाम वि. वि.

सुक्या जर्दाळूंची पिशवी पोचली. पोरांनी दोन दिवसांत संपवली. थोरल्याचा पुढचा दात पडला. तिलेकच्या बसचं काम निघालंय, म्हणून सध्या तो घरीच असतो आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. काल आमच्या रोजगार कचेरीत बॉयलर चालवण्याच्या कोर्सची निवड होती. जागा वीस, कोर्स दोन महिन्यांचा, आणि पास होणाऱ्याला नव्या इस्पितळाच्या नाहीतर शाळांच्या बॉयलरवर काम नक्की. खाण बंद पडल्यापासून इतकं नक्की काम आमच्याकडे आलं नव्हतं. नियम असा की नाव तीनदा पुकारायचं. माणूस उभा राहिला नाही तर गैरहजर, आणि जागा राखीव यादीतल्या पुढच्या माणसाला. नावं नेहमी नूरजमाल वाचते. तिची दाढ सुजली होती, म्हणून साहेबबाईंनी यादी माझ्या हातात दिली.

अकराव्या ओळीत मामंजींचं नाव होतं. मान वर केली, तर ते शेवटच्या बाकावर बसलेले. घरी कुणाला बोललेही नव्हते.

ताई, सून झाल्यापासून नऊ वर्षांत ते नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. आडनावही त्याच घरातलं, म्हणून मी कामावर अजून माहेरचंच लावते. वाटलं, आत्ता पुढे जावं, शेवटी कुणाला तरी वाचायला सांगू. बारावं वाचलं, तेरावं वाचलं. वीस जागांवर एकोणीस माणसं झाली. साहेबबाईंनी विचारलं की अकरावा कुठाय. मी गैरहजर म्हणाले आणि त्यांच्यासमोर फुली मारली. राखीव यादीतला पहिला माणूस उड्या मारत पुढे आला.

मामंजी उठले आणि बाहेर गेले. दाराशी त्यांनी टोपी नीट केली. माझ्याकडे पाहिलं नाही.

कोर्सला पंचावन्नच्या आतलेच घेतात. डिसेंबरात त्यांची पंचावन्न पुरी होतात. मी काय करू ते कळव. रागाव, पण लिहायचं थांबू नकोस.

तुझी,
बुरुलचा

•

ओश
२३ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. बुरुलचास,
झूराचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

रीत मला शिकवू नकोस. मीही सून आहे आणि माझ्या सासरी नावं न घेण्याजोगी माणसं तुझ्या दुप्पट आहेत. दवाखान्यात सासऱ्यांचा केसपेपर काढायचा होता तेव्हा मी खिडकीतल्या पोरीपुढे त्यांचा पासपोर्ट धरला आणि बोटानं नाव दाखवलं. तुला बोट नव्हतं? शेजारी शिपाई उभा नव्हता? त्याच्या हातात यादी देऊन घसा बसलाय म्हणाली असतीस, तरी कुणी तुला फाशी दिलं नसतं. लहानपणी आईनं साखर कुणी खाल्ली विचारलं की तू लगेच मांजराचं नाव घ्यायचीस. आत्ताही तुझ्या पत्रात मला मांजरच दिसतंय.

खरं काय ते लिही. मला नाही तर तुझ्या साहेबबाईंना सांग. जागा अजून वाचत असेल तर वाचव. तिलेकला कळायच्या आत कर, कारण तो बापावरून कुणाचं ऐकून घेत नाही.

तिकडे थंडी पडली असेल. लोकरीचे मोजे पाठवतेय. तुझ्यावर चिडले आहे, माया मात्र जिथल्या तिथे आहे.

झूरा

•

वरची वस्ती
२९ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. बुरुलचा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. बटाटे निघाले. दोन पोती शेजारच्या ट्रकनं पाठवली आहेत, फुटके वर घातलेत ते आधी संपवा. तुझ्या सासूचा गुडघा दुखतो, पण बोलणं थांबलेलं नाही.

काल तिलेक येऊन गेला. म्हणाला, तू जेवत नाहीस, विचारलं की रडतेस. त्याला वाटतं तुझं कामावर कुणाशी वाजलं. तुमच्या कचेरीतल्या कोर्सबद्दल कुणी तुला काही बोललं असेल तर लक्ष देऊ नकोस. त्या मंगळवारी मी गवत कापत होतो. शहरात आलोच नव्हतो. माझ्यासारखी टोपी या खोऱ्यात शंभर जणांची आहे.

जेवत जा. नातवांना मुके.

दूरोनबेक सादिरोव

•

काइंदी-साय
१६ नोव्हेंबर १९९८

ती. झूराताईस,
बुरुलचाचा सलाम वि. वि.

मोजे पोचले. मामंजींचं पत्रही आलं. ते म्हणतात, त्या दिवशी ते शहरात नव्हतेच. ऑक्टोबरच्या मध्यात आमच्याकडे कापायला गवत उरत नाही. हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

तू मांजर बरोबर पकडलंस. नाव अडलं हे खोटं नाही, पण त्याच्याआधी मी त्यांचं जाकीट पाहिलं. कोपराला ठिगळ होतं, मीच लावलेलं, करड्या जाकिटाला निळ्या दोऱ्यानं, घाईघाईत. ते बाकाच्या टोकावर अंग चोरून बसले होते. समोर आमच्या कचेरीच्या सगळ्या बाया. मला वाटलं, आत्ता नाव घेतलं आणि ते उभे राहिले, तर सगळ्यांना कळेल की हे माझे सासरे. खाणीत पंपावर एकोणतीस वर्षं काम केलेला माणूस, आणि मला ठिगळ दिसलं. रीत माझ्या हाताशी होती, मी ती पुढे केली.

साहेबबाईंना सगळं सांगितलं, ठिगळासकट. आधी त्या खूप हसल्या. मग दार लावून घेतलं आणि हसल्या नाहीत. म्हणाल्या की त्या जागेवरचा माणूस महिनाभर शिकतोय, त्याला चार पोरं आहेत, त्याला उठवायचं असेल तर उठव, सही मी करते. मी त्याला वर्गाच्या दारातून पाहून आले. वहीत नळांची चित्रं काढत होता. मी परत फिरले.

माझ्यावर कारवाई झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं. साहेबबाईंनी तोडगा काढला की यापुढे नावं वाचायचीच नाहीत. दारात पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि नंबरानं उठायचं. वरच्या कचेरीनं त्याबद्दल त्यांची पाठ थोपटली. नूरजमाल मला म्हणते, तुझ्यामुळे आमचा घसा वाचला.

मामंजी वसंतात राजधानीच्या बाजारात हातगाडी ओढायला जाणार, असं तिलेक म्हणतो. या वयात. त्याला मी अजून सांगितलेलं नाही. आज सांगेन असं रोज ठरवते.

आठवण काढत जा, मी तेवढ्या लायकीची नसले तरी.

बुरुलचा

•

वरची वस्ती
१८ जानेवारी १९९९

चि. सौ. बुरुलचा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिलेक आला होता. तू त्याला सांगितलंस, त्यानं मला सांगितलं. तो तुझ्यावर ओरडला असेल. मी त्याच्यावर ओरडलो, म्हणजे हिशेब मिटला.

आता गवताचं राहू दे. मी तिथेच होतो. आदल्या दिवशी शिपायाला विचारून ठेवलं होतं की नावं कोण वाचतं. तो म्हणाला, दाढवाली नूरजमाल. म्हणून आलो. यादी घेऊन तू उभी राहिलीस तेव्हा निघून जाणार होतो, पण दोन्हीकडे माणसं बसलेली. तू दहावं नाव वाचलंस आणि थांबलीस. तेव्हा मला उठता आलं असतं. मी अकरावा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी बुटांकडे बघत बसलो. सून काम देणार आणि सासरा हात पसरून घेणार, हे मला नको होतं. तेव्हा फुली तू एकटीनं मारलेली नाहीस.

दुसरी गोष्ट. आमच्या आळीतले दोघे तुमच्याकडे जाऊन आले. सांगतात, आता बिल्ला देतात आणि सत्तावीस म्हणून हाक मारतात. एकानं बिल्ला कानाला लावून दाखवला आणि मेंढरासारखा ओरडला. सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या एका नावापायी या खोऱ्यातल्या सगळ्यांची नावं घालवलीत तुम्ही. ते परत सुरू कर. तुझ्या साहेबबाईंना माझा निरोप सांग.

मी राजधानीला जाणार नाही. तुझी सासू जाऊ देत नाही आणि गुडघ्याचं निमित्त करते. एप्रिलमध्ये पाट साफ करायचं काम निघतं, त्याला वयाची अट नाही. माझं नाव घाल. आणि ते तूच वाच. सासूला विचारलं, ती म्हणाली की सुनेनं नाव घेतलं तर छप्पर कोसळायचं नाही, ते आधीच गळतंय.

तू लाजलीस, मी लाजलो. झालं ते फार झालं. घरी येत जा. दारातून आत येताना मान खाली घालतेस तेवढी पुरे.

दूरोनबेक सादिरोव

•

काइंदी-साय
१५ एप्रिल १९९९

ती. झूराताईस,
बुरुलचाचा सलाम वि. वि.

बिल्ले बंद झाले. साहेबबाई महिनाभर ऐकत नव्हत्या. शेवटी म्हातारेच बिल्ला घेईनात, तेव्हा ऐकलं.

सोमवारी पाटाच्या कामाची यादी मी वाचली. मामंजी पुढच्या बाकावर होते. जाकीट तेच. मी आडनाव घेतलं, नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं नाव घेतलं. तोंडात खडे धरल्यासारखं झालं. ते उभे राहून हजर म्हणाले, मोठ्यानं, खाणीतल्या हजेरीसारखं. मग अनोळखी माणसासारखं विचारलं की बाई, काम किती दिवसांचं. मी म्हणाले, पंधरा. फावडं दिलं, सही घेतली. ताई, नऊ वर्षांनी पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं ते यासाठी. बॉयलरच्या खोलीत बसून काटे बघायचं काम त्यांचं होतं. आता ते आमच्या खिडकीखालच्या पाटातला गाळ उपसतात, आणि मी वर चहा पिते. चहा जात नाही, पण कप समोर असतो.

हजेरी रोज सकाळी घ्यावी लागते. मंगळवारी आणि काल, त्यांची ओळ आली की मी तोंड उघडायच्या आत ते हजर म्हणून मोकळे झाले. मला वाचवत होते. दोन्ही दिवस मी यादीत खूण केली आणि पुढे गेले. सोपं होतं.

आज त्यांनी तसंच केलं. मी खूण केली नाही. सगळे गप्प होईपर्यंत थांबले, पूर्ण नाव वाचलं आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते पुन्हा हजर म्हणाले, हळू.

अजून अकरा दिवस आहेत. सवडीनं दोन ओळी लिही आणि मला धाक देत राहा.

तुझी,
बुरुलचा