अक्काचा कंद, माझा कंद

माय,

तुझी पणती समोर पाय दुमडून बसली आहे आणि मी बोलते तसं लिहिते आहे. म्हणजे ती तसं म्हणते. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहीत असणार, कारण तेवढ्यापुरता तिचा चेहरा मास्तरणीसारखा होतो. मी बोट उगारलं की हसते. खालचा ओठ दाताखाली धरून, अगदी तुझ्यासारखी. तेही मला फारसं आवडत नाही. तुझं हसू पोटच्या लेकीला सोडून हिच्याकडे कसं गेलं, हे एकदा तुला विचारायचंच आहे. पण आज विषय दुसरा आहे. आज केळीचं बोलायचं आहे.

माझ्या पाठवणीचा दिवस आठवतो का? बैलगाडी दारात उभी आहे, बाया गळ्यात पडून रडताहेत, आणि माझी माय कुठे दिसेना. मी नव्या लुगड्यात अडखळत मागच्या बागेत येते, तर तू कुदळ घेऊन वाकलेली. आपल्या घरची रीतच होती, लेक परमुलखात निघाली की तिच्यासोबत आपल्या केळीचा कंद द्यायचा. सासरी मोरीच्या पाण्यावर लावायचा, म्हणजे माहेर अंगणात राहतं. तू दोन कंद उपटून ठेवलेस. एक मोठा, एक लहान. मी दोन्ही हातांत दोन घेऊन उचलून पाहते, तोच तू माझ्या मनगटावर चापट मारतेस.

"तोलू नको वं! ते काय मेथीची जुडी हाये?"

लहान कंद तू ओल्या फडक्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवलास. मोठा अक्काच्या गाडीत गेला. अक्का, तुझी थोरली, लग्नाला आली होती, तिचं सासर नशिराबादजवळ, बैल दमायच्या आत येणारं. मला मात्र तू दिलंस अमळनेरच्याही पलीकडे, धुळ्याच्या वाटेवर, जिथे जिकडे पाहावं तिकडे कापूस. तिथे सासूने माझं गाठोडं सोडलं आणि विचारलं, "हाऊ काय शे वं? सुरन आना का?" सगळ्या आळीत हसू झालं. माझं डोकं अजून त्या मोठ्या कंदातच होतं.

तो कंद मी मोरीपाशी लावला. भांड्यांचं, आंघोळीचं पाणी पिऊन तो जगला. बुडाशी मुनव्यांची पिलं काढत राहिला, घडही देत राहिला, पण केळी कशी, तर बाळाच्या बोटांसारखी. आणि अक्काकडे? विहीर, काळी माती, बांधापर्यंत बाग. आखाजीच्या सणाला आम्ही दोघी माहेरी यायचो तेव्हा ती डोक्यावर फण्या घेऊन यायची आणि माझ्या पदरात टाकायची, "घे वं, तुह्याकडे पिकत नही ना." तू ओसरीवर बसून तिचं केळं सोलतेस, खातेस, म्हणतेस, "गोड हाये." एका आखाजीला मीही माझ्या मोरीवरची फणी आणली होती. अक्काच्या फण्या पाहिल्या आणि पिशवीतून बाहेरच काढली नाही. परत येताना वाटेत एका शेळीला घातली. शेळीने मात्र देठासकट खाल्ली.

तू गेलीस, केस पांढरे झाले, दोघींच्या घरी सुना आल्या. पण ते तसंच राहिलं. अक्काचं काहीही चांगलं झालं, मुलगा भुसावळला रेल्वेत लागला, घरावर स्लॅब पडला, की माझ्या मनात यायचं, असणारच, मोठा कंद तिच्याकडे आहे.

आता तुझ्या पणतीचं ऐक. ही जळगावला बी.एस्सी. झाली आणि केळीची रोपं बाटलीत बनवतात तिथे कामाला लागली. बाटलीत, माय. मातीत नाही. सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, "आजी, मोठ्या घडाच्या जुन्या, निरोगी केळी शोधतोय. अक्काआजीच्या बागेतले मुनवे नेले काल."

माझी भाकरी तव्यावर तशीच राहिली. "आणि माझ्या केळीला काय रोग झालाय?"

"आजी, तिला घड केवढा येतो! मॅडम हसतील मला."

"हसू दे. त्यांचे दात किडलेले असतील तर तेही तपासून घे."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. चहा दिला, तोही तिच्या आईच्या हातून. शेवटी जळगावला निघताना ती मोरीपाशी गेली आणि निमूटपणे एक मुनवा काढून घेऊन गेली. पोटच्या पोरीच्या लग्नात मिरवले नसेन एवढी मी त्या दिवशी आळीत मिरवले. माझी केळ जळगावला शिकायला चालली होती.

पुढे तिने मला तिथे नेलं. चपला बाहेर, देवळासारख्या. पाय धुवायला लावले, डोक्याला टोपी घातली. काचेआडून पाहायचं, आत जायचं नाही. आत पोरी रांगेने बसलेल्या, समोर पेटी, पेटीतून वारा येतो, तो म्हणे धुतलेला वारा. शेजारी स्पिरिटचा दिवा. ही माझी नात मुनव्याची एकेक साल काढत जाते, काढत जाते, आणि आत मुंगीच्या डोक्याएवढा कोंभ उरतो. तो चिमट्याने उचलून बाटलीतल्या खिरीत ठेवते. त्या खिरीत साखरसुद्धा असते. मग त्या बाटल्या थंडगार खोलीत, फळ्यांवर, ट्यूबलाइटखाली. एका कोंभाची पिलं होतात, पिलांची पिलं, बाहेरचा रोग म्हणून शिवत नाही. मी म्हटलं, "आमची पोरं मे महिन्यात घामोळ्यांनी रडत वाढली, आणि केळीच्या पोरांना एवढा गारवा!" पोरी हसल्या. पण खरं सांगू, मला हेवा वाटला, आणि केळीचा नाही. नात कोंभ उचलत होती तेव्हा तिचं मनगट हललं नाही. तू कंद कापायचीस तेव्हा तुझं हलायचं नाही, तसं. माझं आयुष्यभर हललं.

तिथून निघताना मी तिला कानात विचारलं, "अक्काची आणि माझी, एकच का गं?" तिच्या मॅडम दोन्ही केळींची पानं दुसऱ्या झाडांसोबत पुण्याला तपासायला पाठवणारच होत्या. पान वाटतात, त्यातलं बीजद्रव्य, ही डीएनए म्हणते ते, काढतात, एका जेलीत घालून विजेने ओढतात. मग त्याच्या रेघा उमटतात, आणि त्या रेघा कॉम्प्युटर जुळवून पाहतो, कोण कोणाच्या जवळचं. नातीने मला हे तीनदा सांगितलं. मला वीज आणि जेली एवढंच कळलं.

मग ती एक फोटो घेऊन आली. काळा कागद, त्यावर उभ्या ओळीत आडव्या पांढऱ्या रेघा. ती समजवायला लागली तेवढ्यात मी म्हटलं, "थांब." दोन लुगडी एका मागावरची असली की काठ कसे एकाखाली एक बसतात? तशा दोन ओळी. जाड रेघेला जाड, बारीकला बारीक. मी बोट ठेवलं. "ही अक्काची, ही माझी. खरं ना?" नातीने मान डोलावली. माय, मला अक्षर येत नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा मी कागदावरचं काही वाचलं.

"पण आजी," ती म्हणाली, "यावरून दोघींचं वाण एकच एवढंच म्हणता येतं. आपल्याकडे हे वाण पुष्कळांकडे आहे. घड लहान-मोठा झाला तो माती-पाण्याने."

"आणि कोणाला जीव लावून दिलं, ते?"

"ते यंत्राला कळत नाही."

मग मी फोटो घेऊन एसटीने अक्काकडे गेले. तिला दाखवायचा होता. 'तुझ्या केळीत जास्तीचं काही नव्हतं,' हे तिला तिच्या ओसरीवर बसून सांगायचं होतं. अक्काने फोटो उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि बाजूला ठेवला.

"मले तं माय देतच नव्हती," ती म्हणाली. "मीच मांगितला. 'तू काय जवळच राहातेस' म्हने, 'ने मंग, त्यो पडलाय त्यो.' माती झटकल्याबिगर गाडीत टाकला मी. तुह्या कंदाले तिनं आंगावरचं लुगडं फाडलं. नवं होतं वं, तुह्याच लग्नाचं. मी पाहत होती. आजूक डोयापुढे हाये."

ओलं फडकं. मला वाटायचं, जुनेर असेल. सासरी पोचल्यावर मी त्याचं पोतेरं केलं होतं. हे मी अक्काला सांगितलं नाही. तिने चहा केला, पिकलेली फणी पिशवीत घातली, आणि पहिल्यांदाच "तुह्याकडे पिकत नही" म्हणाली नाही.

नात विचारते आहे, आता शेवटी 'मन शांत झालं' असं लिहू का? नको लिहू. खोटं कशाला लिहायचं? मन शांत वगैरे काही झालं नाही. अक्का इतकी वर्षं माझा हेवा करत होती हे कळलं आणि अमळनेर येईपर्यंत मी एसटीत पदराआड हसत होते. कंडक्टरने विचारलं, "आजी, लॉटरी लागली का?" मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. डब्यात डाळीखाली राहील. अक्काला तर मुळीच वाचून दाखवायचं नाही.

नातीच्या बाटलीतली रोपं आता मोठी झालीत. त्यातली दोन तिने मला आणून दिली, एक अक्काच्या केळीचं, एक माझ्या केळीचं. दोन्ही मोरीपाशी लावली, एकाच पाण्यावर. रोज सकाळी पाहते. नात म्हणते, दोन्ही सारखीच वाढणार.

पण माय, मोठा तो मोठाच होता. मी तोलून पाहिला होता.