डावीकडच्या खिडकीतला खाणकरी

मी, रोझविता काडेन, जन्म १९४२, व्यवसाय लाकडावरचं कातकाम, राहणार एर्लग्रुंड, एर्त्सगेबिर्गे डोंगर, सॅक्सनी, हे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आमच्या कायद्याला तसंच लागतं. यंत्रावर छापलेला कागद चुलीत घालायच्या लायकीचा. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. ज्यांनी आणून पाहिलं त्यांना विचारा. १९९८ साली लिहिलेलं मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करत आहे.

कलम १. बाजाररस्त्यावरचं घर. खाली कार्यशाळा, वर शेजारी शेजारी दोन बिऱ्हाडं, रस्त्याकडे प्रत्येकाची एकेक मोठी खिडकी. वरचा भाग माझी दोन्ही मुलं, श्टुटगार्टला राहणारी कोर्नेलिया आणि इथेच राहणारा हाइको, यांना अर्धा अर्धा. मात्र डावीकडच्या बिऱ्हाडात नस्रीन उस्मान, तिचा नवरा शेरवान आणि त्यांची दोन मुलं यांना नस्रीन जिवंत असेपर्यंत राहण्याचा हक्क आहे. तो मी नोटरीमार्फत सरकारी दप्तरी नोंदवून घेतला आहे. हाइको, वकिलाकडे खेटे घालू नकोस. मी तुझ्याआधी जाऊन आले आहे.

कलम २. कार्यशाळा. इथेच सगळं अडलंय, म्हणून इथे सावकाश लिहिते.

माझा मुलगा हाइको छपरं शाकारतो, आणि चांगली शाकारतो. गेल्या जूनमध्ये तो त्याच्या पक्षातर्फे नगरसभेत निवडून आला. कोणता पक्ष ते लिहीत नाही. सोमवारी संध्याकाळी झेंडे आणि कंदील घेऊन फेरी काढतात आणि परक्यांनी आपापल्या देशात परत जावं म्हणून ओरडतात, तोच. निवडून आल्यावर आठ दिवसांनी तो माझ्याकडे आला, टोपी हातात घेऊन.

"आई, तुझ्यानंतर खाली पक्षाचं कार्यालय करीन म्हणतो. लेथ तिथेच ठेवू गं, शोभेला. लाकडाचा वास येत राहील. लोकांना बरं वाटतं असलं."

"लेथ शोभेला? मग मलाही भुसा भरून कोपऱ्यात उभी कर की."

"थट्टा नको. गावासाठी करतोय मी. १९९१ ला फर्निचरचा कारखाना बंद केला, तेविसाव्या वर्षी घरी बसवलं मला. तेव्हा आलं होतं कोणी विचारायला?"

नव्हतं आलं. त्याचा बाप त्यानंतर दोन वर्षं खिडकीशी बसून होता आणि मग गेला. हाइकोचा राग खरा आहे, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण लोक मला म्हणतात की तुला मुलाचं दुःख कळत नाही. मला कळतं. कार्यशाळा तरी त्याला देणार नाही.

कार्यशाळा, लेथ, सगळ्या पटाश्या, सुकवायला ठेवलेलं ओंडक्यांचं लाकूड आणि दारावरची पितळी पाटी मी नस्रीन उस्मान हिला देत आहे. कारण साधं आहे. सात वर्षं ती माझ्या रंगाच्या टेबलाशी बसते आहे, आणि आमच्या लाकडी देवदूतांचे डोळे तिच्यासारखे या खोऱ्यात कोणीच काढत नाही. काडी रंगात बुडवायची, दोनदा टेकवायची, आणि चेहरा जागा व्हायला हवा. माझ्या हातचे देवदूत चाळीस वर्षं किंचित तिरळे होते. कोणी बोललं नाही, कारण मी मालकीण होते. नस्रीन पहिल्याच आठवड्यात बोलली.

"रोझविताबाई, हा देवदूत बघतो कुठे?"

"स्वर्गाकडे."

"स्वर्ग कपाटामागे आहे का?"

त्या दिवसापासून डोळे तिच्याकडे. गेल्या वर्षी तिने कडं कातायची परीक्षाही दिली. बाहेरच्यांसाठी लिहिते: ओल्या देवदाराचं कडं लेथवर चढवायचं आणि आतून बाहेरून असं कातायचं की फोडल्यावर प्रत्येक चकतीत घोडा निघावा. कातताना घोडा दिसत नाही. हाताला माहीत असावा लागतो. नस्रीनच्या कड्यातून सत्तावन्न घोडे निघाले आणि सत्तावन्न उभे राहिले. मी तिथे सगळ्यांसमोर रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. इतका अभिमान मला स्वतःच्या परीक्षेतही वाटला नव्हता.

कलम ३. झिगमार ओमे. माझ्या परीक्षेवरून आठवलं. १९७१ साली मी या खोऱ्यातली पहिली बाई कातकामाच्या मास्तरकीच्या परीक्षेला बसले, तेव्हा माझ्याबरोबरच परीक्षेला बसलेल्या याच झिगमारने भर कार्यशाळेत म्हटलं होतं, "बाईच्या हातून निघून निघून काय निघणार? झाडूचा दांडा!" परीक्षकाने माझं कडं फोडलं, माझे घोडे उभे राहिले. झिगमारचे अर्धे आडवे पडले. त्रेपन्न वर्षं तो म्हणतो की त्याचं लाकूड ओलं होतं. लाकूड ओलंच लागतं, झिगमार.

तर झिगमार ओमे याला मी नाशपातीच्या लाकडाचा, स्वतः कातलेला, मेण लावून घासलेला एक झाडूचा दांडा देत आहे. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत सुबक काम असावं म्हणून मी त्यावर चार दिवस घालवले. झिगमार गेल्या तीन निवडणुका हाइकोच्या पक्षाला मत देतो आणि तरी दर गुरुवारी माझ्याकडे खसखशीचा केक खायला येतो. केकची कृती त्याला मिळणार नाही. ती कोर्नेलियाला, माझ्या आईच्या कपबशांसकट.

कलम ४. डावीकडच्या खिडकीतल्या दोन मूर्ती. आमच्याकडे नाताळाआधीच्या चौथ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी, सहाच्या घंटेला, खिडकीत दिवे लागतात. घरात जितक्या मुली तितके देवदूत, जितके मुलगे तितके खाणकरी, प्रत्येकाच्या हातात दिवा. पूर्वी खाणीतून परतणारा बाप रस्त्यावरूनच आपलं घर ओळखायचा. माझ्या खिडकीत एक देवदूत कोर्नेलियाचा, एक खाणकरी हाइकोचा. हाइको जन्मला त्या आठवड्यात मी तो कातला. त्याच्या काळ्या टोपीवर डाव्या बाजूला एक ठिपका राहून गेलाय, कारण मध्येच पोराला पाजायला उठले होते.

२०१५ च्या शरदात नस्रीनचं कुटुंब सिरियाहून आलं. चार माणसं. उजवीकडचं छोटं बिऱ्हाड, जिथे माझी सासू राहायची, ते त्यांना देऊन मी डावीकडच्या मोठ्या घरात एकटी फेऱ्या मारत बसू? मी उजवीकडे गेले, त्यांना डावीकडे घेतलं. हाइको तेव्हा माझ्याशी बोलत नव्हता. मी परक्यांना जागा दिली एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं. बिऱ्हाडांची अदलाबदल केली, हे नाही. नस्रीन मूर्ती घेऊन माझ्या दाराशी आली. भाषा येत नव्हती, हातांनीच विचारलं, या तुमच्या राहिल्या का?

मी विचारलं, "तुला मुलं किती?" तिने दाखवलं: हेविन, एक मुलगी. दिलोवान, एक मुलगा.

"मग मोजणी बरोबर आहे," मी म्हटलं. "राहू देत तिथेच."

माझ्या नव्या खिडकीत काही ठेवलं नाही. तिथे मुलं राहत नव्हती, आणि मी खिडकीत खोटं बोलत नाही. झिगमार तेव्हा फणफणला होता. "अगं, ती मोजणी आपल्या पोरांची असते!" मी म्हटलं, पोरं ती पोरं. आठ दिवस केक खायला आला नाही.

कलम ५. दगड. त्याच वर्षी, दिवे लागल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, फेरी आमच्या रस्त्यावरून गेली. याच रस्त्यावरून १९८९ साली, भिंत पडण्याआधी, आम्ही तेव्हाच्या राजवटीविरुद्ध दर सोमवारी मेणबत्त्या घेऊन निघायचो. एकवीस वर्षांचा हाइको माझ्या शेजारी, आणि कोपऱ्यावर बंदूकवाले. माझ्या आयुष्यात मी इतकी ताठ कधी चालले नाही. हाइको म्हणतो, ही तीच फेरी आहे. मी म्हणते, बाळा, आम्ही वर बघून कोणाच्या खिडक्या शोधत नव्हतो.

त्या संध्याकाळी मी उजवीकडच्या खोलीत अक्रोड फोडत बसले होते. काच फुटली, दगड टेबलावर आला आणि माझ्या लग्नातल्या कॉफीच्या किटलीचे तुकडे झाले. मला खरचटलंसुद्धा नाही. खाली ढोल वाजतच राहिला. मी कोणाला सांगितलं नाही, पोलिसांना नाही, झिगमारलाही नाही. खिडकीला पुठ्ठा लावला आणि झोपले.

सकाळी सात वाजता हाइको दारात. तीन महिन्यांत पहिल्यांदा. काखेत कागदात गुंडाळलेली काच, खिशात काच चिकटवायच्या लांबीचा डबा.

"काच फुटली म्हणे."

"कोण म्हणे?"

त्याने चौकटीतली जुनी लांबी खरवडली. काच बसवली. मापात केसाचा फरक नव्हता. लहानपणी आजीच्या या खिडकीवर चेंडू मारून त्याने ती तीनदा फोडली होती, माप त्याला पाठ होतं. लांबी एकसारखी ओढली. मी कॉफी पातेल्यात केली, किटली नव्हती. त्याने तुकडे पाहिले, कॉफी प्यायला नाही, आणि गेला.

त्याने काय केलं ते मला तेव्हाच कळलं. त्याने खालून वर पाहिलं. डाव्या खिडकीत देवदूत आणि त्याचा स्वतःचा खाणकरी, हातात दिवा घेऊन. म्हणजे तिथे आई. उजवी खिडकी अंधारी, म्हणजे तिथे ते परके. आमच्या गावात वाढलेला माणूसच असा चुकू शकतो.

नस्रीनने दगड मारणाऱ्याला पडद्याआडून पाहिलं होतं. हाइको काच बसवून जाताना जिन्यात तिने त्याला ओळखलं. मला तिने तीन वर्षांनी सांगितलं. मी विचारलं, इतके दिवस का नाही बोललीस? ती म्हणाली, "तुम्ही आई आहात त्याची. मी काय बोलणार?"

तो दगड कार्यशाळेच्या उजव्या खणात आहे. तो हाइकोला. फेकून दे किंवा ठेव, पण हातात घेऊन एकदा त्याचं वजन बघ. मी तिथेच बसले होते रे.

कलम ६. आणि हाइकोला त्याचा खाणकरी. त्या नाताळानंतर तो मला एकदा म्हणाला होता, "माझा खाणकरी त्यांच्या खिडकीत का? काढून आण." मी म्हटलं, "तुझा आहे, तू माग." "मी त्या दारात जाणार नाही." "मग तो तिथेच." नऊ वर्षं झाली. मी नस्रीनच्या मुलांसाठी दुसरी जोडी कधीच कातू शकले असते. कातली नाही. हट्टी आहे मी. मुलगा माझ्यावर गेलाय.

या उन्हाळ्यात कातली. कार्यशाळेतल्या त्याच खणावरच्या फळीवर, पांढऱ्या कापडात, एक देवदूत आणि एक खाणकरी ठेवला आहे, नवे, हेविन आणि दिलोवानसाठी. डोळे नस्रीनने काढलेत. तिला वाटलं गिऱ्हाइकाचं काम आहे.

हाइको, यात अट काही नाही. तू गेलास नाही गेलास, घरातला तुझा अर्धा वाटा तुझाच. पण मी गेल्यावर ती जोडी तू वर नेऊन दे. रिकाम्या हाताने त्या दारात जायला तुला जड गेलं असतं, म्हणून केलीय. दार वाजव. नस्रीन चहा देईल, फार गोड करते, पी मुकाट्याने. मग नवी जोडी खिडकीत ठेव आणि तुझा खाणकरी घेऊन ये, कोर्नेलियाचा देवदूत तिच्याकडे पाठव. आधी उचलू नकोस. खिडकी क्षणभरही रिकामी राहायला नको. काच बसवायला तू आलास, त्याचा मला अभिमान आहे. तो मी तुझ्या तोंडावर कधी सांगितला नाही, ही चूक माझी.

साक्षीदार कायद्याला लागत नाहीत, मला लागतात. एक झिगमार ओमे, कारण तो माझ्या बाजूचा आहे असं कोणी म्हणू शकणार नाही. दुसऱ्या आमच्या चर्चच्या पाद्री आनेग्रेट फोग्ट, कारण त्यांना माझं अक्षर लागतं.

एर्लग्रुंड, शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४, सहाच्या घंटेआधी.

सही: रोझविता काडेन

साक्षीदार: आनेग्रेट फोग्ट. समोर लिहिलं, समोर सही केली.

साक्षीदार: झिगमार ओमे. बाई पूर्ण शुद्धीवर आहे, नेहमीच होती, तोच त्रास. झाडूचा दांडा पाहिला. चांगला आहे. लाकूड ओलं होतं हे मात्र खरं. लिहिता लिहिता घंटा झाली आणि वर दिवे लागले, म्हणून रस्त्यावर जाऊन बघून आलो. डावीकडच्या खिडकीत एक मुलगी, एक मुलगा. मोजणी बरोबर आहे.