नान मोडून मिटवलं

१४ जानेवारी

मिटलं एकदाचं! एर्निसच्या आजोबांनी आज घरी जेवणाचं दस्तरखान अंथरलं. तिलेकला आणि त्याच्या आजीला मानाच्या जागी बसवलं. गावातले चार पिकल्या दाढीचेही होते.

एर्निस मधल्या सुट्टीत तिलेकला घोडा करायचा. तोंडात कमरेचा पट्टा द्यायचा, पाठीवर बसायचा, बर्फातून पार संडासापर्यंत न्यायचा. मागून माझा अख्खा सहावीचा वर्ग हसायचा. हे मुख्याध्यापकांकडे गेलं असतं तर पोरांची प्रकरणं बघणाऱ्या पोलिसांतल्या बाई आल्या असत्या, एर्निसच्या नावाला डाग लागला असता, माझ्या वर्गाची शोभा झाली असती ती वेगळीच. म्हणून मीच दोन्ही घरांचे उंबरे झिजवले.

आजोबांनी नान मोडला, दोघांच्या हातात दिला; एका नानाचे तुकडे खाल्ले की भांडण मिटलं. तिलेक खाईना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला — "खा रे बाळा, मोठ्यांचा मान राख." खाल्ला. त्याची आजी रडली. आईबाप मॉस्कोत राबतायत, पोराला ती एकटीच.

मांस सुरेख शिजलं होतं. घरी येताना वाटत होतं, काय शहाणी बाई मी!

२० जानेवारी

तिलेकचा ओठ फुटलाय. म्हणे घसरलो. बर्फ आहे, घसरतात पोरं.

२१ जानेवारी

नाही घसरला. मला कालच कळलं होतं. इथे तरी खोटं कशाला लिहू?

२३ जानेवारी

कोळशाच्या खोलीमागे दोघं दिसले. एर्निस त्याला अगदी शांतपणे सांगत होता, "आमच्या घरचा नान खाल्लायस. आता तक्रार केलीस तर भोवेल तुला."

शिकवलं कोणी त्याला? मीच की! पूर्वी तिलेक निदान रडत माझ्याकडे यायचा. ती वाटही मी बुजवली.

संध्याकाळी आजोबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. म्हणाले, मिटलेलं उकरायचं नसतं पोरी, दोन्ही घरांची अब्रू जाते. मी मान डोलावली. वर दुसरा पेलाही प्याले. लाज कशी वाटली नाही मला!

२४ जानेवारी

आज तिलेकच्या बाकाजवळून जाताना दुसरीकडे बघितलं.

२७ जानेवारी

मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं, माझ्या शहाणपणासकट. चिडले. चिडू देत. एर्निसच्या बापाला बोलावलंय. आजपासून मधल्या सुट्टीत मी अंगणात, संडासाच्या वाटेवर.

वर्गालाही सुनावलं — हसणारे सगळे यात आहेत, आणि डोळे मिटून बसलेली मीसुद्धा. कोणी वर बघेना. मग मागच्या बाकावरून बेरमेत म्हणाली, "मला हसायचं नव्हतं, एजे. पण जो हसत नाही ना, त्याला दुसऱ्या दिवशी घोडा करतात."

एजे म्हणतात मला, थोरली बहीण; इतके महिने मी या पोरांना शिकवतेय. काय शिकवतेय?

तिलेकला बाजूला घेऊन विचारलं, तुला काय हवंय रे? टोपी चुरगाळत उभा राहिला. म्हणाला, काही नको. हे त्या दिवशी नान हातात देण्याआधी विचारायला हवं होतं. कोणीच विचारलं नाही — मी तर नाहीच.

४ फेब्रुवारी

एर्निस गप्प आहे. बापाने झापलंय म्हणतात. पाय गोठतात माझे, पण अंगणातून हलत नाही. तिलेक आज मान वर करून चालत होता. जरा हलकं वाटलं.

६ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर मागच्या फाटकापाशी गेले, तर पहिलीतला कुबात बर्फात ओणवा. तोंडात पट्टा. पाठीवर तिलेक.

ओढून खाली उतरवला त्याला. तू? अरे, तूच?

तो घाबरलासुद्धा नाही.

"त्यात काय, एजे. उद्या याला आमच्याकडे बोलवा. आजी नान मोडेल. मिटेल."