राहिलेला डावा पाय

पाथरी,
गुरुवार, सकाळचे दहा

सौ. योगिनी विहीणबाई यांस,

अनसूयेचा सप्रेम नमस्कार. (साष्टांग लिहायला हात वळला होता, पण मी पडले मुलाची आई. मुलाकडच्यांनी साष्टांग घातला असं आमच्या थोरल्या दिरांना कळलं तर ते पाहुण्यांत तोंड दाखवायचे नाहीत. तेव्हा सप्रेमच गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा, व्याही आदिनाथरावांचं पित्त आणि गॅलरीतला मोगरा ही तिन्ही मंडळी बरी असतील अशी आशा करते. आम्ही दोघं ठणठणीत. पोरांचा कॅनडाहून रविवारी फोन येतो. तो तुम्हालाही येतो, पण आधी आम्हाला येतो, एवढं फक्त कानावर घालते. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की तिसऱ्या मिनिटाला लग्नावर येतो आणि मुख्य विषय राहून जातो. शिवाय पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही. तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे समोरचा गप्प असला की मला चांगलं सुचतं.

लग्नाचा विषय मी काढणार नाहीच. तुम्ही माझा उजवा पाय धुतलात, डाव्यावर पाणी पडणार तेवढ्यात फोटोवाल्यानं हाक मारली आणि तुम्ही परात तिथंच टाकून स्टेजवर पळालात, हे आता कोण उगाळत बसणार? विहिणीचा एक पाय कोरडा ठेवून लागलेलं लग्न मी तरी दुसरं पाहिलं नाही. पण झालं ते झालं. सहा वर्षं झाली, मी विसरले.

तर विषय ब्रूनोचा. तुमची आठवण ताजी करते. तुमची मैथिली आमच्या केयूरबरोबर परदेशी जाताना कुत्रा तुमच्याकडे सोडून गेली, आणि पंधराव्या दिवशी तुम्ही तो जीपमधून आमच्याकडे पाठवलात. गळ्यात चिठ्ठी होती, ‘आठ दिवस सांभाळा, मग घेऊन जातो. गावाकडची हवा मानवेल.’ हवा मानवली. आठ दिवसांची पाच वर्षं झाली. गल्लीत कुणालाच ‘ब्रूनो’ म्हणता येईना, म्हणून त्याचा आधी ‘बिरुना’ झाला, मग ‘बिरूनाना’. आता तर दारावरून जाणारी वडीलधारी माणसंसुद्धा ‘काय नाना, बसलाव का?’ असं विचारून पुढं जातात. मान मोठा आहे त्याला. आमच्या ह्यांना, म्हणजे अनंतरावांना, नाव घेऊन कुणी विचारत नाही.

या नानांच्या पुढच्या डाव्या पायाला मनगटापाशी गाठ आली. मला वाटलं काटा मोडला असेल. हळद झाली, शेक झाला, ह्यांचं ते सर्व रोगांवर चालणारं मलम झालं. पाय टेकवेना तेव्हा परभणीला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढले, तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं की हाडाचा कॅन्सर आहे, पाय ठेवला तर वेदनेनंच हैराण होईल. पाय काढायला मी एका मिनिटात हो म्हटलं. हे बाहेर जाऊन उसाचा रस पिऊन आले आणि मग हो म्हणाले. घरी येऊन ह्यांनी कॅनडाला कळवलं, ‘नानाने पाय काढला.’ (‘नानाचा’ लिहायचं होतं.) तिकडे पोरांना वाटलं कुत्रा पळून गेला. दोन तास मैथिली रडत होती, आणि केयूर पाथरीतल्या आपल्या शाळासोबत्यांना फोन लावून कुत्रा शोधायला लावत होता. चौघंजण मोटारसायकली घेऊन माजलगाव रोडपर्यंत जाऊन आले. नाना घरात, माझ्या पलंगाखाली, गळ्याभोवती प्लॅस्टिकचं नरसाळं घालून झोपलेले.

आता चालण्याचं. डॉक्टर म्हणाले होते की तीन पायांवर कुत्री छान चालतात, जरा दम धरा. पण दम धरणं हा ह्यांचा विषय नाही. ह्यांनी नवा पाय करून घ्यायचं ठरवलं. आमच्या इथं भुजंग म्हणून शेतीची अवजारं करणारा आहे, हात चांगला आहे त्याचा. पण सेवानिवृत्त मास्तर कुत्र्यासाठी पाय करून मागतोय हे सांगायची ह्यांना लाज. म्हणून ह्यांनी चिठ्ठी पाठवली: ‘तीन शाबूत आहेत. पुढचा डावा चौथा नवीन करून बसवणे. चालताना जमिनीत रुतू नये.’ कुत्रा हा शब्दच नाही! दिवस पेरणीचे. भुजंगानं मुकाट्यानं तिफणीला चौथा फण घडवला. देताना मात्र त्याला राहवलं नाही. म्हणाला, “सर, रुतायचं न्हाई म्हनताव, मग बी पडंल कुठं? मी आपला रुतंल असाच केलाव बगा.” असा वीतभर लांबीचा, धार लावलेला लोखंडी फण ह्यांनी घरी आणला. नानांनी तो हुंगला आणि पलंगाखाली गेले ते संध्याकाळच्या भाकरीपर्यंत बाहेर आले नाहीत.

एवढ्यावर थांबले तर ते तुमचे व्याही कसले? मोबाईलवर चाकांच्या गाडीतून धावणारा कुत्रा पाहिला आणि भुजंगाकडून (या वेळी कुत्रा म्हणून स्पष्ट सांगून) तशीच गाडी करून घेतली. लहान सायकलची दोन चाकं, वर पट्टे, दिसायला झकास. फक्त मोबाईलमधल्या त्या कुत्र्याचे मागचे पाय अधू होते. आमच्या नानांचा गेला पुढचा. तेव्हा गाडीत घातल्यावर नानांचे धडधाकट असलेले मागचे दोन्ही पाय अधांतरी आणि सगळा भार पुढच्या एकट्या पायावर! “असं कसं झालं?” म्हणून हे गाडीभोवती फिरायला लागले, तोवर नानांनी मागचे पाय खाली पोचवून घेतले आणि गाडीसकट आठवडी बाजाराकडे धूम ठोकली. मी मागे, माझ्या मागे हे. एका बाईंच्या पालाची दोरी चाकात आली, पाल खाली बसलं, आतून बाईंचा आवाज, “कोन मेला त्यो?” नाना परत आले तेव्हा चाकात मेथीच्या दोन जुड्या होत्या. मी बाईंना सॉरी म्हणून आले आणि मेथी परतली. गाडी आता परसात आहे, तिच्यावर दोडक्याचा वेल चढवलाय.

हे सगळं घेऊन मी परभणीला गेले (गाडी नाही, हकीकत). डॉक्टर पोटभर हसले. म्हणाले, याला गाडी नको, खोटा पाय नको. पोटाखालून पट्टा आणि वर धरायला मूठ एवढं पुरे, जिना चढताना तुम्ही उचलायचं, आणि घरात घसरायला होणार नाही असं काहीतरी अंथरा. पट्टा सुलाबाई शिंपिणीनं जुन्या होल्डॉलचा शिवून दिला. अंथरायचंच काय ते कठीण. आमची फरशी आरशासारखी, नाना चार पावलं टाकून फतकल मारायचे. सतरंजी सरकली, चटई सरकली, गोधडी तर त्यांना घेऊनच सरकली. शेवटी ट्रंकेतून तुम्ही लग्नात दिलेला तो गालिचा काढला. (तोच, ज्याच्या रंगाबद्दल मी तेव्हा चारचौघींत बोलले होते. ते तुमच्या कानावर गेलंच होतं, तेव्हा आता लपवत नाही.) विहीणबाई, तो गालिचा एक सूतभर हलत नाही. नाना दारापासून स्वयंपाकघरापर्यंत त्यावरून ऐटीत येतात आणि गालिचा संपला की थांबून माझ्याकडे बघतात. दुसरा असाच मिळेल का? रंग कुठलाही चालेल.

आता मुख्य गोष्ट. पाय काढून दुखणं गेलंय, रोग गेलेला नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. काही केलं नाही तर चार-पाच महिने. दर तीन आठवड्यांनी एक अशी चार इंजेक्शनं दिली तर कदाचित वर्षभर. कदाचित, हा शब्द त्यांचा. माणसांना होतो तेवढा त्रास बहुतेक कुत्र्यांना होत नाही, एखाद-दोन दिवस मलूल राहतात, जेवण सोडतात, मग उठतात. आमचे शेजारी तात्याराव पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, “वैनी, कुत्र्याला कशाला येवढं करायलाव? मानसाला मिळंना हे.” मी म्हटलं, “तात्याराव, तुमाला झालं तर तुमचंबी करीन, आदी चहा घ्या.” ते चहा न घेता गेले. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते, पाच वर्षांपूर्वी.

केयूर कॅनडाला गेला त्या पहिल्या वर्षी मला घरात सांजवेळी करमायचं नाही. हे वाचनालयात. मी दारात खुर्ची टाकून बसायचे आणि हा माझ्या पावलावर हनुवटी ठेवून बसायचा. बोलत नाही, सांगत नाही, उठा म्हणत नाही. अजून बसतो. डॉक्टरांनी विचारलं, याला काय काय आवडतं? मी सांगितलं, भाकरीचा पापुद्रा, तात्यारावांवर भुंकणं, आणि माझ्या पायावर बसणं. ते म्हणाले, या तीन गोष्टी तो करतोय तोवर तो मजेत आहे, ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी आपणही थांबू. मला हे पटलं. अभ्यास झेपत नसेल तर पोराला रेटायचं नाही, हे मी तीस वर्षं पाळलं आहे. तेव्हा इंजेक्शनं द्यायची असं मी ठरवलं आहे आणि माझं ठरलं की ठरलं, हे तुम्हाला लग्नाच्या याद्या करतानाच कळलंय.

आदिनाथरावांना नमस्कार. मोगऱ्याला शेणखत घाला.

आपली,
अनसूया

ता. क. इंजेक्शनं परभणीला नाही, संभाजीनगरला मिळणार आहेत. डॉक्टरांनी पत्ता दिला. तुमच्या घरापासून दोन गल्ल्या. इंजेक्शननंतर दोन दिवस तिथंच राहावं, लगेच जीपचे हादरे नकोत, असं म्हणाले. चार वेळा दोन दिवस म्हणजे आठच दिवस होतात. तुम्ही त्या चिठ्ठीत आठच दिवस लिहिले होते, ते अजून तुमच्याकडेच आहेत. लग्नानंतर मी तुमच्या घरचं पाणी पिणार नाही असं म्हटलं होतं, ते खरं. मी चहा घेईन.

ता. क. दुसरा. वर लिहिलंय तसं ठरलेलं वगैरे काही नाही. डॉक्टरांना मी ‘विहिणीला विचारून सांगते’ म्हणून आले आहे. हे सारखे बाहेर जाऊन उसाचा रस पितात, त्यांना काय विचारू? तुम्ही तुमच्या आईचं याच आजारात सगळं केलंत. ते मलूल पडणारे दिवस तुम्हाला माहीत आहेत. मी हे त्याच्यासाठी करायलेय की माझ्या पायावर कुणीतरी बसावं म्हणून, हे मला तोंडावर सांगेल असं तुमच्याशिवाय कुणी नाही. नको म्हणालात तरी मी रागावणार नाही. पहिली तारीख पुढच्या बुधवारची आहे. तुम्ही हो म्हणालात तर आम्ही मंगळवारी दुपारी पोचतो.

ता. क. शेवटचा. आलो तर दारात परात आणि तांब्या ठेवा. माझा डावा पाय सोडून द्या, तो मी माफ केला. याचे धुवा, रस्त्याची धूळ असेल आणि तुमची फरशी पांढरी आहे. तिसरा धुताना तो ओढून घेतो, जरा दाबून धरावा लागतो. फोटोवाला येवो नाहीतर आणखी कुणी, पण या वेळी तीनच आहेत, एकही राहू देऊ नका.

साष्टांग नमस्कार.